चार बोटं पेंढ्याची जागा

"शेठ, उघडल्याशिवाय कळायचं नाय."

हे वाक्य मी आयुष्यात ज्याच्या ज्याच्या तोंडून ऐकलं, त्याचा एक हात तेव्हा माझ्या खिशाकडे येत होता. गाडीचा मेकॅनिक, दाताचा डॉक्टर, बोअरवेलवाला. म्हणून आमच्या ठेकेदाराने माझ्या हॉलमध्ये उभं राहून, मान वर करून हेच म्हटलं तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही, हाताकडे बघितलं. हातात माझ्याच घरचा चहा होता.

घर माझं अष्टमी गावात, रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की. धंदा खोक्यांचा. रोह्याच्या कंपन्यांतून मोडकी लाकडी पॅलेट विकत घ्यायची, खिळे उपटायचे, फळ्या सोडवायच्या आणि त्यांची खोकी बनवून पेणच्या गणपतीच्या कारखान्यांना द्यायची. मूर्ती त्यात बसून मुंबईला जातात, पुण्याला जातात, काही विमानाने परदेशातही जातात. सुरुवात केली तेव्हा माझ्याजवळ एक हातोडी होती आणि टेम्पो दुसऱ्याचा. आज दोन टेम्पो माझे आहेत. मला कोणी बोट धरून वर आणलेलं नाही, त्यामुळे कोणी बोट पुढे केलं की मी आधी त्याची नखं बघतो.

खोक्याचा माझा एक नियम आहे. मूर्ती आणि फळी यांच्यामध्ये चारही बाजूंनी चार बोटं जागा, आणि त्या जागेत दाबून भरलेला भाताचा पेंढा. नवं गिऱ्हाईक भांडतं. खोका एवढा मोठा कशाला, पेंढ्याचे पैसे वेगळे कशाला, मूर्ती घट्ट बसवली तर चालणार नाही का. मी सांगतो, पेंढा मूर्तीसाठी नाही, हायवेच्या खड्ड्यांसाठी आहे. खड्डा कुठे आहे ते तुम्हाला माहीत असेल तर पेंढा काढतो. यावर आजवर कोणी पुढे बोललेलं नाही.

आता भावाबद्दल सांगतो, कारण त्याच्याशिवाय या घराच्या कामाला काही अर्थ नाही.

थोरला भाऊ गडबला राहतो, वडिलांच्या घरात. पेण आणि नागोठण्याच्या मध्ये, हायवेपासून आत. वडील गेल्यावर घर त्याचं आणि थोडी भातशेती माझी असं ठरलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गणपतीची. वडिलांमागे घरचा गणपती त्याच्याकडेच बसतो. मूर्ती मी आणायची, कारण पेणचे कारखानदार माझी गिऱ्हाईकं. फळफळावळ मी न्यायची, कारण टेम्पो माझा. आणि दारात उभं राहून "या, या, बसा" म्हणायचं त्याने. पाहुणे जाताना त्याच्या पाया पडणार, मी चपला शोधून देणार. हे किती वर्षं चाललंय ते मी मोजत नाही, मोजलं की रक्तदाब वाढतो.

आमच्याकडे गणपती कोणाचा ते पाटावरून ठरतं. घरचा लाकडी पाट पावसाळा लागला की कारखान्यात नेऊन द्यायचा, मूर्तिकार त्या पाटाच्या मापाने मूर्ती ठरवतो आणि चतुर्थीला त्याच पाटावरून देव घरी येतो. ज्याच्या घरचा पाट, त्याच्या घरचा गणपती. आमचा पाट शिसवी आहे, आजोबांच्या वेळचा, एका कोपऱ्याला जळाल्याचा डाग आहे. तो भावाच्या देवघरामागे उभा असतो.

मागच्या विसर्जनाला ओल्या पाटावर नदीची वाळू घेऊन आम्ही परत येत होतो. मी दरवर्षीचं बोललो, "दादा, एखाद वर्षी आमच्याकडे बसू दे की." दरवर्षी तो ऐकू न आल्यासारखं करतो. त्या दिवशी म्हणाला, "तुझं घर नीट कर. आल्यागेल्याला बसायला जागा कर. मग घेऊन जा पाट." चार लोकांसमोर म्हणाला. मी तिथेच सगळ्यांना साक्षीदार केलं.

घरी येताना बायकोला म्हटलं, "यात काहीतरी आहे. हा माणूस असा सहज हो म्हणणारा नाही."

"बरं होतंय तर होऊ द्या की," ती म्हणाली.

"त्याला वाटतंय माझ्याकडून घर होणार नाही. म्हणून चार लोकांत बोलून मोकळा झाला."

घर खरंच बसण्यासारखं नव्हतं. हॉल अंधारा, लाद्या उखडलेल्या, भिंतीला ओल. घरावर जुनं कर्ज होतं, बरंचसं फिटत आलेलं. मी ते दुसऱ्या बँकेत फिरवायचं ठरवलं. नवी बँक व्याज कमी लावत होती आणि हप्ता साधारण तेवढाच ठेवून वर घरदुरुस्तीसाठी टॉप-अप देत होती. व्याजदरावर मी त्या बँकेच्या माणसाशी अशी घासाघीस केली की त्याने दोनदा बाहेर जाऊन फोन केला. दुसऱ्यांदा तो खरंच फोन करत होता की नुसता कानाला लावून उभा होता, ते मी खिडकीतून बघून आलो. करत होता.

सह्या करायच्या आधी तो म्हणाला, "साहेब, कामाचा जो अंदाज आहे त्यावर दहा-पंधरा टक्के जास्तीचे धरा. जुन्या घरात काही ना काही निघतं. नंतर परत टॉप-अप मागाल तर लगेच नाही मिळत, काही महिने हप्ते भरून दाखवावे लागतात."

मला हसू आलं. जेवढं मोठं कर्ज तेवढं याचं कमिशन. म्हटलं, "तुम्ही माझ्या घरात आलात कधी?"

"नाही."

"मग काय निघणार ते तुम्हाला कसं माहीत?"

"म्हणूनच तर म्हणतोय, साहेब."

मी अंदाजाएवढंच कर्ज घेतलं. अंदाज काय होता? हॉलच्या नव्या लाद्या, फॉल्स सीलिंग, रंग, बायकोचा स्वयंपाकाचा ओटा आणि दर्शनी भिंतीला मखरामागे दगडी टाइल्स. शेवटच्या रुपयापर्यंत प्रत्येक गोष्टीला जागा नेमलेली. मला ते बघून समाधान वाटत होतं. बायकोने चष्मा लावून यादी वाचली आणि विचारलं, "आणि पेंढा?"

"कसला पेंढा?"

"मूर्तीला चार बोटं पेंढा. घराला?"

"घर काय पेणहून मुंबईला जाणार आहे?"

"जाणार नाय. पण तुम्ही ते फोडणार तर आहात ना?"

तिचं माहेर खाडीकाठचं, मिठागरात राबलेली माणसं. बोलणं कमी आणि झोंबणारं. मी म्हटलं, तुला धंद्यातलं कळत नाही, आणि आंघोळीला गेलो.

ठेकेदार गडबचा. भावानेच नाव सुचवलं, आणि तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. भावाच्या घरापासून दोन घरं सोडून राहणारा माणूस माझ्या घराचं काम करणार, आणि ते काम वेळेत झालं की गणपती भावाच्या घरून जाणार. पण बाकी सगळ्यांचे भाव त्याच्याहून चढे होते. तोही आधी म्हणाला, "शेठ, फोडाफोडीत काय निघंल ते निघंल, त्याचं वेगळं ठेवा." मी म्हटलं, वेगळं काही नाही, आहे त्यात सगळं आलं. आणि मी त्याला असा खाली आणला की दुसरा असता तर उठून गेला असता. हा डोकं खाजवून म्हणाला, "ठीक हाय." एवढ्या लवकर ठीक हाय म्हणाला म्हणजे आणखी खाली आला असता. त्या विचाराने मला रात्री जेवण गोड लागलं नाही.

या घराचंही असंच झालं होतं. मूळ मालक अष्टमीतले व्यापारी, मुलगे कुवेतला. मी भाव पाडला आणि गृहस्थ दुसऱ्या चहालाच कबूल झाले. म्हणाले, "घ्या भाईसाब, आपका नसीब." तेव्हा मला वाटलं मी जिंकलो.

शिमगा झाला आणि काम सुरू झालं. जुन्या लाद्या निघाल्या. मग फॉल्स सीलिंगचे हुक मारायला म्हणून हॉलच्या मधल्या बीमवर ड्रिल लावलं, आणि बीमचा सुपाएवढा पापुद्रा खाली आला. खाली कोणी नव्हतं, नाहीतर ही आठवण वेगळी झाली असती. वर बघितलं तर सळया दिसत होत्या. पण सळया कसल्या, गंजून फुगून पापड झालेले, बोट लावलं की भुकटी.

तेव्हाच ठेकेदाराने तो चहा हातात धरून ते वाक्य म्हटलं.

"उघडल्याशिवाय कळायचं नाय म्हणजे?"

"म्हणजे बीम कुठवर गेलाय ते. सगळा सोलावा लागंल. वर स्लॅबला टेकू, जुनं काँक्रीट काढायचं, नव्या सळया, परत भरायचं. खाडीची रेती वापरली असंल, न धुता. मीठ आत राहातं, शेठ, आन लोखंड खातं."

"आणि हे तुला आजच दिसलं?"

"आजच पडलं ना."

"गडबला सांगितलंस?"

"गडबला काय सांगू?"

"माझं काम लांबणार म्हणून. दादाला."

"शेठ," तो म्हणाला, "बीम काय तुमच्या दादांनी खाल्ला काय?"

मी असा भडकलो की हातातला टेप फेकला. त्याला म्हटलं, सगळे गडी घे आणि जेवायला जा, मला एकटं सोड. ते गेले. मी शिडी लावली आणि माझी हातोडी घेऊन वर चढलो.

लाकडाच्या धंद्यात माणूस डोळ्यांपेक्षा कानाने जास्त बघतो. बाहेरून गुळगुळीत दिसणारी फळी आतून किडलेली असली तर ठोकल्यावर सांगते. मी बीमच्या भिंतीकडच्या टोकाला ठोकलं. टणक, भरीव आवाज. थोडं पुढे सरकून ठोकलं, तसाच. मधोमध आलो आणि ठोकलं, आणि पोकळ मडक्यावर टिचकी मारावी तसा आवाज आला. आणखी पुढे, तसाच. मी पुन्हा टोकाकडे गेलो, पुन्हा मधे आलो. ठेकेदारावर संशय घेता येत होता, भावावर येत होता, कुवेतवाल्यांच्या बापावर तर येतच होता. माझ्या कानावर घेता येईना.

खाली उतरलो तर बायको दारात. तिने जमिनीवरचा गंजाचा तुकडा उचलून बोटात चुरगळला.

"आमच्या मिठागरात फावड्याचं असंच व्हायचं," ती म्हणाली. "वरून रंग दिला तरी आतून जायचं."

ठेकेदार जेवून आला आणि त्याने दुसरा मार्ग सुचवला. मला वाटतं माझ्या रागाला घाबरून. "शेठ, तुम्हाला गणपतीच बसवायचाय ना? मग आत्ता भोक बुजवून वरून सीलिंग मारू. दिसणार नाय कोणाला. गणपती झाल्यावर निवांत बघू."

मी विचार केला, खोटं कशाला बोलू. अर्धा दिवस केला. सीलिंगखाली बीम झाकला गेला असता, लाद्या चकाकल्या असत्या, रंग, दगडी टाइल्स, सगळं ठरल्याप्रमाणे झालं असतं. भाऊ आला असता आणि त्याला बोट ठेवायला जागा मिळाली नसती.

पण मग माझं डोकं माझ्या पद्धतीने चालायला लागलं. हा माणूस आज मला झाकायला सांगतोय. उद्या गडबला पारावर बसून हाच सांगणार, शेठने किडक्या बीमखाली देव बसवलाय. मग भाऊ काय करील? तो आरतीच्या वेळी, सगळे पाहुणे जमले की, तबक हातात घेऊन वर बघेल. नुसतं वर बघेल. काही बोलणार नाही. आणि पुढल्या वर्षी पाट गडबला परत, कायमचा. मला तो वर बघणारा चेहरा असा स्पष्ट दिसला की मी ताडकन उठलो.

"सोल," म्हटलं. "अख्खा सोल."

"पैसे, शेठ? ठरल्यात लाद्या-रंग बसतात, बीम नाय."

तोच प्रश्न होता. बँकेच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, मी तेव्हाच..." मी फोन ठेवला. त्याचं पुढचं वाक्य मला माहीत होतं आणि ते ऐकायचे मी पैसे भरलेले नव्हते. टेम्पो विकून धंदा बंद करणार नव्हतो, आणि गणपतीच्या हंगामाआधी कारखानदारांकडून पैसे सुटत नाहीत. मग राहिलं ते एकच, नेमलेल्या जागा मोकळ्या करायच्या. दगडी टाइल्स गेल्या. फॉल्स सीलिंग गेलं. लाद्या गेल्या, त्यांच्याऐवजी साधा सिमेंटचा कोबा. रंगाऐवजी चुन्याचा एक हात. ओट्यापाशी येऊन माझी जीभ अडकली.

"ओटा जाऊ द्या," बायको आपणहून म्हणाली. "पण ते वर तसंच ठेवून मी खाली मोदक वळणार नाय."

ती एवढ्या सहज ओटा सोडते याचाही मला संशय आला होता, पण तो मी तिला बोलून दाखवला नाही.

हॉलमध्ये लोखंडी टेकू उभे राहिले. घरात चालायचं म्हणजे खांबांतून वाट काढायची. बीम सोलला तेव्हा मी प्रत्येक फुटाला हातोडी मारून बघितली. ठेकेदार म्हणाला, "शेठ, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ठोकताय." मी म्हटलं, "तू पैसे घेऊन गडबला जाशील, मला याच्याखाली राहायचंय." नव्या सळया बांधल्या, काँक्रीट भरलं, गोणपाट ओलं करून गुंडाळलं. पहिला पाऊस पडला तेव्हा बीम झालेला होता, घर झालेलं नव्हतं. आणि पाट कारखान्यात द्यायची वेळ आली होती.

भाऊ घर बघायला आला. एका रविवारी, स्वतःच्या मोटरसायकलवरून, रेनकोट घालून. मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती. तो दारात थांबला. कोबा बघितला, चुन्याच्या भिंती बघितल्या, टेकू बघितले. मग बायकोला म्हणाला, "काय गो, ओटा करणार होतीस ना?"

"बीमने खाल्ला," ती म्हणाली.

तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. चहा आला. मी म्हटलं, "दादा, लाद्या नंतर होतील. पण घर नीट आहे. वर बघ. ठोकून बघायचं तर हातोडी देतो."

"मी काय ठोकणार? तू ठोकली असशीलच."

"मग पाट?"

"घेऊन जा यंदा."

"यंदा नाही. कायमचा."

"येडा का काय? थोरला मी हाय अजून."

"इतकी वर्षं झाली तुझ्याकडे."

"बाबांच्या घरात बसतो तो. माझ्या नाय."

"बाबा काय फक्त तुझे होते?"

बायको आतून म्हणाली, "हळू, शेजारी ऐकतायत." भाऊ म्हणाला, "ऐकू दे, त्यांच्यातही हेच चाललं असंल." मला हसू आलं आणि त्याचाही राग आला. मी एक पायरी उतरलो. "बरं, कायमचा नको. एक वर्ष तुझ्याकडे, एक वर्ष माझ्याकडे. पण हे दरवर्षी तुझ्या मर्जीवर नाही. ठरलं म्हणजे ठरलं."

त्याने चहा संपवला. कप खाली ठेवला. "ठीक. पन गडबच्या वर्षी मूर्ती, फळं, सगळं तुझ्याकडनं. आता होतं तसंच."

"आणि माझ्या वर्षी?"

"तुझ्या वर्षी तुझंच की. घर तुझं."

मी हिशोब केला. खर्च दरवर्षी माझाच. पण एक वर्षाआड देव माझ्या घरी, आणि कायमचं ठरलेलं. मी हात पुढे केला. "ठरलं."

"ठरलं," तो म्हणाला आणि रेनकोट घालायला लागला.

आयुष्यात माझ्याशी ज्यांनी पटकन ठीक म्हटलं, त्या प्रत्येकाचा मी नंतर रात्र रात्र विचार केलाय. त्या दिवशी नाही केला. त्या दिवशी मी इतका खूश होतो की त्याची गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दारात उभा होतो. दुसऱ्याच दिवशी गडबला टेम्पो थांबवला, आत न जाता वहिनीकडून अंगणातूनच पाट घेतला आणि पेणला कारखान्यात नेऊन दिला.

मग ठेकेदार टेकू काढायला आला. एकेक सैल करून त्याने टेकू बाहेर नेले. मी कोब्यावर उभा राहून वर बघत होतो. बीम हलला नाही. कुरकुरला नाही. मला वाटलं, चला, एक गोष्ट तरी सरळ झाली. बाहेर आलो तर गडी टेकू टेम्पोत भरत होते.

"पुढचं काम कुठे?" मी सहज विचारलं.

"गडबला. तुमच्या दादांकडंच." तो दोरी आवळत होता. "हॉलच्या छपराला वाळवी लागली ना. वासे पोकळ झाले. आता पावसात काय खोलता यायचं नाय, दिवाळी झाली की. तोवर हेच टेकू तिकडं उभे करायचे. मधोमध, मखर असतं तिथंच."

"हे कधी ठरलं?"

"शिमग्यालाच. तुमचं उरकलं की त्यांचं." मग माझा चेहरा बघून तो थांबला. "तुम्हाला नव्हतं म्हाईत?"

म्हणजे यंदा गडबला गणपती बसणारच नव्हता. बसवायला जागाच नव्हती. मी ज्या गोष्टीसाठी कायमचा खर्च डोक्यावर घेतला ती मला फुकट मिळणार होती, उलट त्यालाच माझ्या पायरीशी यावं लागलं असतं. माझ्या डोळ्यांपुढे तो कप खाली ठेवताना दिसला. ठीक. पन गडबच्या वर्षी सगळं तुझ्याकडनं.

"आणि त्याने पैसे कुठून आणले?"

"त्यांनी आधीच बाजूला ठेवलेत. उघडल्यावर काय निघंल ते निघंल म्हनून थोडे जास्तीचेच." ठेकेदार आता घाईत होता. "तुमच्या बीमचंही त्यांनीच सांगितलेलं मला. म्हणाले, हॉलचा मधला बीम ठोकून बघ, मागच्या वर्षी तिथं चीर बघितलीय मी. मी ठोकणारच होतो, तेवढ्यात तो पडला."

म्हणजे माझा पहिल्या दिवसापासूनचा संशय खरा होता. बीमच्या मागे भाऊच होता.

मी तरातरा घरात गेलो. बायको जुन्याच ओट्यावर कांदा चिरत होती. सगळं सांगितलं. तिने सुरी थांबवली नाही.

"तुला माहीत होतं?"

"वाळवीचं वहिनी बोलल्या होत्या फोनवर."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही त्यांच्या पडक्या छपराखाली बसून भाव केला असतात. ते मला बघवलं नसतं." मग थोड्या वेळाने, "आणि तुम्ही तरी गडबवरून जाता-येताना आत डोकावलात का एकदा?"

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मोठ्याने द्यावं लागलं असतं आणि दारात टेम्पो उभा होता.

चतुर्थीला देव आणायला आम्ही दोघे भाऊ पेणला गेलो. आपल्याच पाटावरची मूर्ती, जळक्या कोपऱ्यासकट. मी खोक्यात उतरवली आणि चारी बाजूंनी पेंढा दाबला. भाऊ बघत होता.

"एवढा पेंढा कशाला रं? पैसे वाढवायला?"

"तुझ्याकडून शिकलो," मी म्हटलं. "बाजूला ठेवावं थोडं. कोणाला न सांगता."

तो हसला नाही. वडखळ येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला, म्हणजे लागलं असावं.

अष्टमीच्या घरी देव कोब्यावर बसले. बायकोने अख्ख्या कोब्यावर अशी रांगोळी घातली होती की लाद्या असत्या तर ती दिसली नसती. दारात उभं राहून मी "या, या, बसा" म्हटलं. पहिल्यांदा जरा जास्तच मोठ्याने म्हटलं, मग जमलं. आरतीला माझं लक्ष देवाकडे होतं की भावाकडे, हे देवालाच माहीत. त्याने तबक घेतलं, ओवाळलं आणि मग, मला माहीतच होतं, वर बघितलं. नीट बघितलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मान हलवली आणि तबक माझ्या हातात दिलं.

विसर्जन कुंडलिकेत झालं. पाटावर वाळू घेऊन परत आलो तेव्हा भाऊ म्हणाला, "पाट दे इकडं. पुढल्या वर्षी गडब."

"पुढल्या वर्षी गडबच. पण पाट आत्ता इथेच राहील."

"का?"

"तुझं छप्पर झाल्याशिवाय नाही. मला देव वाळवीखाली बसवायचा नाही."

"माझ्यावर इस्वास नाय तुझा?"

"नाही," मी म्हटलं. वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या, बायकोही हसली. भाऊ मोटरसायकलला किक मारून गेला.

लाद्यांसाठी आता मी पुन्हा पैसे जमवतोय. ओटा आधी करायचा असं ठरवलंय, ठरवलंय म्हणजे मला सांगण्यात आलंय. प्रत्येक वेळी जमलेल्यातला एक भाग बायको वेगळ्या डब्यात टाकते आणि त्याला पेंढाच म्हणते. मी विरोध करत नाही. पण डबा कुठे ठेवते ते मला माहीत आहे.

दिवाळीनंतर बऱ्याच दिवसांनी गडबहून फोन आला. पाट बीमच्या खालीच भिंतीला टेकवून उभा होता, मी त्याच्याकडे बघत बोलत होतो.

"छप्पर झालं," भाऊ म्हणाला. "नवे वासे घातले. पाट घेऊन ये."

"आधी येऊन बघतो."

तो म्हणाला, "ये की. जेवायलाच ये. आन तुझी हातोडी आन."